पेडल बसलं म्हणजे प्लेट गेली नव्हे

हिंगोली जिल्ह्यात जुनी डिझेल गाडी अजून कामातून गेलेली नाही. वसमतच्या मोंढ्याबाहेर, औंढा नागनाथच्या देवस्थानाजवळ, कळमनुरी-सेनगावच्या रस्त्यांवर टाटा सुमो दिसते, तेव्हा ती हौसेखातर जपलेली नसते. ती रोज राबत असते. लग्नाचं वऱ्हाड, नांदेडच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, बियाण्याच्या बॅगा, श्रावणातले भाविक असं सगळं तिच्यातून जातं. काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर अजून एमएच 22 आहे, म्हणजे परभणी. 1 मे 1999 रोजी परभणीचं विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि पुढे इथल्या गाड्यांना एमएच 38 मिळालं. सुमो मात्र जिल्ह्याहून जुनी. 1994 साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ती बाजारात आणली, कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावातली पहिली अक्षरं तिला दिली, आणि 2019 पर्यंत ती बनत राहिली.

अशा गाडीचा क्लच एक दिवस बिघडतो. पेडल पायाखाली मऊ लागतं, पहिला गिअर पडताना खरखर होते, रिव्हर्स तर पडतच नाही. गॅरेजवर निदान ऐकू येतं: ‘क्लच गेला.’ मग गिअरबॉक्स उतरतो, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग नवीन पडतं, गाडीचे दोन दिवस आणि मालकाचे काही हजार जातात. एवढं करून पेडल पुन्हा मऊच लागतं. कारण बिघाड गिअरबॉक्सच्या आत नव्हताच. तो बाहेर, हाताला लागणाऱ्या दोन लहान सिलिंडरांत होता. त्यातला एक पेडलच्या वर इंजिनाच्या बाजूला बसतो, दुसरा खाली क्लच हाउसिंगला. दोन्ही बदलायला गिअरबॉक्सचा एक बोल्टही सैल करावा लागत नाही.

दोन उलट बिघाड

‘क्लच गेला’ या दोन शब्दांत दोन परस्परविरुद्ध बिघाड दडलेले असतात. ते वेगळे ओळखता आले की निम्मं काम होतं.

क्लचचं काम दुहेरी. पेडल सोडलेलं असताना त्याने इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट धरून ठेवायचे. पेडल दाबलं की दोघांना पूर्ण सोडायचं. धरण्याचं काम प्लेटचं आणि प्रेशर प्लेटमधल्या स्प्रिंगचं. सोडवण्याचं काम पेडलपासून रिलीज बेअरिंगपर्यंतच्या साखळीचं, आणि सुमोमध्ये ही साखळी म्हणजे द्रवाने भरलेले दोन सिलिंडर.

प्लेट झिजली की क्लच नीट धरत नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग वाढत नाही, आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास येतो. याला क्लच घसरणं किंवा ‘स्लिप’ होणं म्हणतात. या गाडीत गिअर मात्र सुरळीत पडतात.

सिलिंडर थकला की उलट होतं. गाडी चढ मजेत चढते, ओढ पूर्ण असते. पण पेडल तळाला टेकवलं तरी क्लच पुरता सुटत नाही. पहिला गिअर अडतो, रिव्हर्सला कर्कश आवाज होतो, सिग्नलला गिअरमध्ये उभी असलेली गाडी क्लच दाबूनही पुढे सरकू पाहते.

म्हणून गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच पडायला हवा: क्लच धरत नाही की सोडत नाही? धरत नसेल तर बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सोडत नसेल तर आधी सिलिंडर बघायचे. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण या एका प्रश्नाने बरेच अनावश्यक खर्च टळतात.

पायातला जोर खाली कसा पोचतो

पाण्याने भरलेल्या दोन इंजेक्शनच्या सिरिंज एका नळीने जोडल्या आणि एकीचा दट्ट्या दाबला तर दुसरीचा बाहेर सरकतो. क्लचची हायड्रॉलिक व्यवस्था एवढीच आहे. पेडलला जोडलेला वरचा मास्टर सिलिंडर, खालचा स्लेव्ह सिलिंडर, आणि मध्ये लोखंडी पाइप व रबरी होज.

यामागचा नियम फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कालचा. बंदिस्त द्रवावर कुठेही दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली छापला गेला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, 1795 साली, जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. मराठवाड्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधणारा प्रेस याच वंशातला. तिथे टनांचा दाब लागतो, इथे चालकाच्या पायाचा, नियम एकच.

उदाहरणादाखल हिशेब करू. पायाने पेडलवर 10 किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ पाचास एक असली, तर मास्टरच्या पिस्टनवर 50 किलोचा जोर येतो. मास्टरचा आतला व्यास 19 मिलिमीटर धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 2.84 चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे द्रवात चौरस सेंटिमीटरला साडेसतरा किलोच्या आसपास दाब तयार होतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण सातपट. स्लेव्हचा व्यास 22 मिलिमीटर असला तर त्याच्या पिस्टनवर 67 किलोचा जोर पडतो आणि पुढे बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या तरफेने तो दुप्पट होऊन रिलीज बेअरिंगपाशी 130 किलोच्या पुढे जातो. दहाचे एकशे तीस झाले.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढतो तेवढी हालचाल घटते. याच गाडीत पेडल 13 सेंटिमीटर खाली गेलं तर मास्टरचा पिस्टन 26 मिलिमीटर सरकतो, स्लेव्हचा 19 आणि रिलीज बेअरिंग जेमतेम साडेनऊ. क्लच सुटतो की नाही हे या साडेनऊ मिलिमीटरांवर ठरतं. त्यातले दोन कुठे हरवले तरी गिअर अडायला लागतो.

आता या व्यवस्थेत हवा शिरली असं समजू. 26 मिलिमीटरच्या पूर्ण फेरीत मास्टर सुमारे 7.4 घनसेंटिमीटर द्रव पुढे ढकलतो. द्रव दबत नाही, हवा दबते. दीड घनसेंटिमीटर हवा, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही, एवढ्या दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते. तितका द्रव तिची जागा भरण्यात खर्च होतो आणि जवळपास पाचवा हिस्सा हालचाल वाया जाते. साडेनऊ मिलिमीटरचे पावणेआठ उरतात. एवढीशी हवा पेडल ‘स्पंज’सारखं मऊ करते ती अशी.

सील का मरतं

मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर रबराची दोन सीलं असतात. पुढचं सील दाब धरतं. मागचं द्रवाला पेडलच्या बाजूने केबिनमध्ये गळू देत नाही. पुढच्या सीलच्या अगदी समोर सिलिंडरच्या भिंतीत सुईच्या अग्राएवढं छिद्र असतं, ते वरच्या टाकीशी जोडलेलं. पेडल पूर्ण वर आलं की पिस्टन या छिद्राच्या मागे जातो आणि टाकी व पाइप यांची वाट मोकळी होते. उष्णतेने फुगलेला द्रव टाकीत परततो, प्लेट झिजल्याने बदललेली पातळीही इथूनच सावरली जाते. पेडल थोडं दाबलं की सील छिद्र ओलांडतं, वाट बंद होते आणि त्या क्षणापासून दाब तयार होऊ लागतो.

या छिद्रामुळे एक फसवा बिघाड संभवतो. मास्टरचा पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात मिलिमीटरभर मोकळीक हवी. कुणी ‘पेडल वरती घेऊन’ ती संपवली तर पिस्टन पूर्ण मागे जातच नाही, छिद्र झाकलेलं राहतं. गाडी तापली की द्रव फुगतो, त्याला परतायला वाट नसते आणि तो स्लेव्हला पुढे रेटतो. पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि घसरू लागतो. वर सांगितलेल्या अपवादांपैकी एक तो हाच. सकाळी थंडीत गाडी ठणठणीत, तासाभराने मात्र क्लच घसरतो, असं असेल तर प्लेटला दोष देण्याआधी पुशरॉडची मोकळीक तपासावी.

सील थकण्याची कारणं तीन, आणि हिंगोलीच्या हवापाण्यात तिन्ही हजर आहेत.

पहिलं ओलावा. क्लचमध्ये ब्रेकचाच द्रव भरतात. दुकानात ‘ब्रेक ऑइल’ म्हणून मागितला जाणारा हा द्रव तेल नसतो. तो ग्लायकॉल ईथरच्या कुळातला असतो आणि हवेतलं पाणी शोषून घेतो. टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा ओल आत झिरपते. पावसाळ्याचे चार महिने हे विशेष जोरात चालतं. ब्रेकमध्ये या पाण्याचा धोका वेगळा असतो: घाटात ब्रेक तापले की द्रव लवकर उकळतो. नवीन डॉट 3 द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की तीच किमान मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. क्लचचा द्रव इतका क्वचितच तापतो. इथे पाणी गंज आणून घात करतं. द्रवातली गंजरोधक रसायनं कालांतराने संपतात, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक खड्डे पडतात आणि दर वेळी पेडल दाबताना रबर त्या खड्ड्यांवर घासतं. टाकीतला द्रव काळा पडतो तो बहुधा याच झिजलेल्या रबरामुळे.

दुसरं माती. स्लेव्ह सिलिंडर गाडीच्या पोटाखाली असतो. त्याच्या तोंडावर रबरी टोपी असते, पण पंधरा-वीस वर्षांत ती चिरते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी शेतापर्यंत नेली की काळ्या मातीचा चिखल त्या टोपीत भरतो. उन्हात तो वाळून कडक होतो आणि पिस्टन मागे-पुढे होताना कानसीसारखं काम करतो.

तिसरं वापर. रिकाम्या राष्ट्रीय महामार्गावर हिंगोलीहून नांदेडला जाताना क्लच मोजकाच दाबावा लागतो. श्रावणी सोमवारी औंढ्यात, किंवा हळदीच्या हंगामात मार्केटच्या रांगेत, तोच क्लच तासाभरात शेकडो वेळा दाबला जातो.

निदान: पाना उचलण्याआधी

निदानाला यंत्र लागत नाही. डोळे, हात आणि एक मदतनीस पुरतो.

सुरुवात टाकीपासून करावी. पातळी खाली गेली असेल तर द्रव कुठेतरी गळतोच. तो इंजिन तेलासारखा जळून जात नाही. टॉर्च घेऊन पेडलच्या वर, जिथे पुशरॉड केबिनमध्ये येतो तिथे बोट फिरवावं. ओल लागली किंवा पायाखालच्या चटईजवळचा रंग सुटलेला दिसला तर मास्टरचं मागचं सील गेलं. मग गाडीखाली बघून स्लेव्हची रबरी टोपी थोडी सरकवावी. आतून द्रव ओघळला तर स्लेव्हचं सील गेलं. दोन्हीकडे कोरडं असेल तर पाइपचे सांधे आणि होज बघावी. जुनी होज बाहेरून भेगाळते, कधी दाबाखाली फुगते.

पातळी बरोबर आहे, कुठे गळत नाही, तरी पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं. असं झालं तर मास्टरचं पुढचं सील आतल्या आत दाब सोडत आहे. द्रव बाहेर न येता सीलला वळसा घालून टाकीत परततो, म्हणून गळती दिसत नाही. हाच बिघाड सर्वांत जास्त फसवतो आणि निरोगी गिअरबॉक्स उतरवायला लावतो. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर संशय आणखी पक्का होतो, कारण प्रत्येक फटक्याला थोडा ताजा द्रव पुढे जातो आणि तूट तात्पुरती भरून निघते.

यापुढची तपासणी निर्णायक. मदतनीसाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि आपण, इंजिन बंद ठेवून, स्लेव्हचा रॉड फोर्कला किती ढकलतो ते मोजायचं. बहुतेक गाड्यांत हे अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या घरात असतं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत मिळतो. रॉड पुरेसा सरकतो आणि तरीही गिअर अडतो, तर बिघाड आत: प्रेशर प्लेटची बोटं, वाकलेला फोर्क किंवा शाफ्टवर अडकलेली प्लेट. रॉड कमी सरकतो, तर बिघाड सिलिंडरांत, होजमध्ये किंवा अडकलेल्या हवेत. पाच मिनिटांची ही तपासणी गिअरबॉक्स उतरवायचा की नाही हे ठरवून टाकते.

रिव्हर्स गिअरची परीक्षाही उपयोगी. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सहसा सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग जुळवून घेणारी रचना, नसतो. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावं, मग रिव्हर्स टाकावा. क्लच पूर्ण सुटत असेल तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो आणि गिअर शांतपणे पडतो. तरीही खरखर झाली तर क्लच सोडत नाही हे नक्की.

एक बदलायचा की दोन्ही

समजा, स्लेव्ह गळतोय. मास्टर वरून कोरडा, ठीक दिसतो. मालक साहजिकच म्हणतो, खालचाच टाका. आणि महिन्या-दोन महिन्यांत वरचा जातो.

हा योगायोग नव्हे. दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे, त्यांनी एकच ओलसर द्रव तितकीच वर्षं प्यायलेला. शिवाय स्लेव्ह गळत असताना मास्टरवर पूर्ण दाब येत नव्हता. नवीन स्लेव्ह बसला की तो दाब परत येतो आणि थकलेल्या सीलवर पडतो. तिसरं कारण मेकॅनिकच्या हातात असतं. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं जातं. रोजच्या वापरात सील ज्या भागापर्यंत जात नाही, त्या गंजलेल्या, खडबडीत भागावरून ते आता फिरतं आणि त्याची कड कापली जाते.

म्हणून पंधरा वर्षांपुढच्या गाडीत दोन्ही सिलिंडर आणि रबरी होज एकदमच बदलावी. मजुरी एकदा, द्रव एकदा, हवा काढण्याची कटकट एकदा.

पूर्ण सिलिंडर घ्यायचा की फक्त रबर किट, हा पुढचा प्रश्न. किट स्वस्त असतं आणि सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर ते चालतंही. भिंतीवरून नख फिरवावं. कुठे अडलं तर तिथे खड्डा आहे आणि नवं रबरही तिथे टिकणार नाही. बिडाचा सिलिंडर हलका घासून सुधारता येतो, पण ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर आतून कठीण थर दिलेला असतो. घासला की तो थर जातो आणि पुढची झीज अधिकच वेगाने होते. आपल्याकडे जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी ‘गिरलिंग’ हे नाव असतं. टीव्हीएस समूह आणि ब्रिटनची गिरलिंग यांच्या भागीदारीतून 1962 साली चेन्नईत ब्रेक्स इंडिया उभी राहिली, तेव्हापासून ते रुळलं. कुठल्याही कंपनीचा घ्या, दुकानातच जुना आणि नवा शेजारी ठेवून व्यास, रॉडची लांबी, पाइपचे आटे आणि हवा काढायच्या ब्लीडर निपलची जागा जुळते का ते बघा. सुमोचे प्रकार बरेच निघाले आणि दिसायला सारखा सिलिंडर व्यासात वेगळा निघू शकतो. स्लेव्हचा व्यास मोठा निघाला तर हालचाल कमी होते आणि नव्या मालावरही गिअर अडतो.

कामाचा क्रम

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडी जॅकवर उचलली की घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कधीही गाडीखाली शिरू नये.

आधी सिरिंजने टाकीतला जुना द्रव काढून घ्यावा. आजूबाजूच्या रंगावर ओली फडकी अंथरावी, कारण हा द्रव रंग खातो. सांडलाच तर पुसत बसण्यापेक्षा भरपूर पाणी ओतावं. तो पाण्यात विरघळतो. चष्मा आणि हातमोजे वापरावेत.

खालच्या सिलिंडरला हात घालण्याआधी पाइपच्या नटवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ जाऊ द्यावा. पितळी किंवा मऊ लोखंडी नट साध्या फिक्स पान्याने लगेच गोल होतात. त्यांच्यासाठी पाच-सहा बाजूंनी पकडणारा फ्लेअर नटचा पाना मिळतो, तोच वापरावा. होजचा सांधा सिलिंडर गाडीला घट्ट असतानाच थोडा सैल करून ठेवावा. मग सिलिंडरचे बोल्ट काढून होज न पिळता सिलिंडरच फिरवून सोडवावा. सांध्यावर तांब्याचे वायसर असतील तर नवीन टाकावेत. जुना वायसर एकदा दबला की पुन्हा नीट सील होत नाही.

मास्टरचं काम केबिनमधून सुरू होतं. पेडलच्या वर स्प्लिट पिन आणि क्लेव्हिस पिन काढून पुशरॉड मोकळा करावा, मग इंजिनाच्या बाजूने पाइप आणि सिलिंडरचे नट सोडावेत. क्लेव्हिस पिन आणि तिचं भोक झिजून लंबगोल झालं असेल तर तेही आताच दुरुस्त करावं. पेडलपाशी दोन मिलिमीटरचा खेळ गेला तर तेवढ्या प्रमाणात मास्टरचा पिस्टन कमी सरकतो, आणि मग नवे सिलिंडर घालूनही बिघाड थोडा शिल्लक राहतो.

नवा मास्टर बसवण्याआधी बाकावरच त्यात थोडा द्रव घालून पिस्टन हळूहळू दाबत आतली हवा काढली तर पुढचा बराच वेळ वाचतो.

हवा काढणं

या कामात नवशिक्याची खरी परीक्षा इथेच होते. स्लेव्हचा ब्लीडर निपल वरच्या बाजूला आहे ना, हे आधी बघावं. सिलिंडर उलटा बसला तर हवा वर अडकून राहते आणि कितीही द्रव ओतला तरी निघत नाही.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडा ताजा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवावं. मदतनीसाने पेडल हळू दाबून धरायचं; आपण निपल अर्धा आटा उघडायचा, बुडबुडे आणि द्रव बाहेर आले की बंद करायचा; मगच त्याने पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पेडल वर आलं तर हवा उलटी आत ओढली जाते. दर चार-पाच वेळा टाकी भरावी. ती रिकामी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नळीतून सलग, बुडबुड्यांविना, स्वच्छ द्रव येईपर्यंत हे करत राहावं.

तरीही पेडल मऊ राहिलं तर उलट वाट धरावी. हवा स्वभावतः वर जाते, मग तिला खाली का ढकलायचं? मोठ्या स्वच्छ सिरिंजमध्ये ताजा द्रव भरून निपलमधून तो हळूहळू वर, टाकीकडे चढवावा. पाइपच्या वळणात अडकलेले बुडबुडे टाकीत येऊन फुटताना दिसतात. टाकी ओसंडून वाहू नये एवढी काळजी घ्यायची.

शेवटी पुशरॉडची मिलिमीटरभर मोकळीक लावून घ्यावी आणि आधी केलेल्या दोन्ही परीक्षा, रॉडच्या हालचालीची आणि रिव्हर्सची, पुन्हा कराव्यात. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे बोटाने तपासावेत.

टाकीत काय ओतायचं नाही

गावाबाहेर, रात्री, पेडल बसलं आणि जवळ द्रव नाही, म्हणून टाकीत इंजिन तेल ओतल्याचे प्रकार घडतात. गाडी त्या रात्री घरी पोचते. पण या व्यवस्थेतली रबरं ग्लायकॉलसाठी बनलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात, मऊ होतात आणि अडकतात. मग सिलिंडर, होज, सगळंच बदलून पाइप धुवावे लागतात. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. तिथे हे तेल ब्रेकमध्येही जातं, आणि मग प्रश्न खर्चाचा राहत नाही. सील डिझेल किंवा पेट्रोलने धुणंही त्याच कारणाने वर्ज्य. धुवायचं तर ताज्या ब्रेक द्रवानेच.

झाकणावर लिहिलेलाच प्रकार भरावा. डॉट 3 आणि डॉट 4 एकमेकांत चालतात. डॉट 5 मात्र सिलिकॉनचा. तो या दोघांत मिसळत नाही. आकड्याने मोठा म्हणून तो चांगला, असं समजू नये. डबा एकदा उघडला की ओल धरू लागतो, म्हणून मागच्या वर्षीचा अर्धा डबा न वापरता लहान सीलबंद डबा घ्यावा. काढलेला द्रव विषारी असतो. तो विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नये आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये. घरातलं लहान मूल त्याला सरबत समजू शकतं.

खर्चाचा हिशेब

पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या आधी मालक टायर, दिवे, रंग बघून घेतो. क्लचचा द्रव मात्र कुणाला आठवत नाही. तो दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पूर्ण बदलला तर सिलिंडरांचं आयुष्य बरंच वाढतं, आणि त्याला एक लहान डबा आणि तासाभराचं काम एवढंच लागतं.

सुमो किंवा क्वालिससारख्या गाड्यांचा स्लेव्ह बाहेर, हाताला लागेल असा बसवलेला असतो. पुढच्या काळातल्या अनेक गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, हाउसिंगच्या आत गेला. तिथे लहानशा सीलपायी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून क्लच प्लेटबरोबर तोही बदलून घेणं शहाणपणाचं ठरतं. जुन्या गाडीच्या मालकाला ती सक्ती नाही. त्याने फक्त घाई करायची नाही. ‘क्लच गेला’ असं कुणी म्हणालं की रॉड किती सरकतो ते आपल्यासमोर मोजायला सांगावं, आणि आकडा बघूनच गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू द्यावा.